लिफाफा क्रमांक सतरा

केळीचं पान आधी धुवायचं,
मधला दांडा काढायचा, कापडात गुंडाळायचं,
मग ऑटोक्लेव्ह.
बाहेर येतं तेव्हा हिरवेपण गेलेलं असतं,
वास मात्र पंगतीचा.
वॉर्ड सहामध्ये तो वास सुटला
की तोंडात फोड असलेली माणसंही आवंढा गिळतात
आणि कळवळतात.

ती न्हावीहून आली. कौतिकबाई झोपे, वय अठ्ठावन्न.
पेम्फिगस. आडनाव झोपे, आणि पाठ टेकता येत नाही
अशी अकरावी रात्र.
तडवी मॅडमनी खांद्याशी बोट ठेवून जरासं रेटलं,
कातडी सरकली.
‘भरताच्या वांग्यासारखी,’ ती म्हणाली,
आम्ही दोघी हसलो नाही,
म्हणून मग तीच हसली.

संमतीपत्राची चार पानं मी वाचून दाखवली.
‘या अभ्यासातून आपला फायदा होईलच असे नाही’
हे वाक्य मी नेहमी जरा भरभर वाचते.
डाव्या अंगठ्याची कातडी शाबूत होती,
तिथे शाई लावली.

लिफाफा सतरा. गॉज, व्हॅसलिनचं.
सोळामध्ये पान निघालं होतं,
ते पारोळ्याच्या हिलालला. तो वैतागलेला:
‘मी काय जेवन शे का, पानवर वाढाले?’
आणि जिच्या मळ्यात सात हजार खोडं उभी,
तिला गॉज.

‘मले काबर नाही पान?’
मी सांगितलं, चिठ्ठ्या आहेत, कुणीच ठरवत नाही.
‘नशीब म्हन ना मंग.’
नशीब नाही मावशी, यादृच्छिक.
(हा शब्द मला आजही एका दमात म्हणता येत नाही.)
‘तेच ते. याले फक्त शिक्का मारेल हाय.’

मे महिना, बाहेर पंचेचाळीस.
माझं काम मोजण्याचं. रोज सकाळी सात वाजता
नवे फोड: नऊ. नवे फोड: सहा. नवे फोड: अकरा.
वेदना, शून्य ते दहा.
‘दहाच्या पुढं लिहिता येते का?’
नाही येत.
गॉज चिकटायचं. सलाईन सोडून वीस मिनिटं थांबायचं,
तेवढ्या वेळात ती मला केळी शिकवायची:
वाऱ्यानं चिरलेलं पान घेऊ नये,
सुरळीतलं घेऊ नये, ते फार कोवळं,
त्याच्या खालचं दुसरं घ्यावं.
करप्याचं तर नकोच, त्याचीच कातडी नासलेली.

एका रात्री, तीन वाजले असतील,
कूलरमधलं पाणी संपलं होतं.
स्टीलच्या ड्रममध्ये हिलालची पानं होती.
एक काढलं, तिच्या पाठीखाली सरकवलं.
ती काही बोलली नाही.
दीड तास झोपली. तोंड उघडं टाकून, घोरत.
सकाळी नवे फोड: चार.
चार लिहिले. पान लिहिलं नाही.

अडतीस रुग्ण, चौदा महिने.
पुण्याहून आकडे आले, पी शून्य पूर्णांक शून्य सहा.
फरक दिसतो, सिद्ध होत नाही.
मॅडम म्हणाल्या, थोडक्यात गेलं.
मी फायली लावत होते. सतरा नंबरची फाईल
नेहमीपेक्षा खाली ठेवली.
मला गणित फार येत नाही,
पण गॉजवाल्या बाजूला एक पान ठेवलं
तर फरक वाढतो की कमी होतो
एवढं येतं.

कौतिकबाई आता गोळ्यांवर आहे. पाठीवर तपकिरी डाग,
चेहरा सुजलेला, घरी कळण्याची भाकरी
दुधात बुडवून खाते.
दर गुरुवारी तिचा पुतण्या पानांचा भारा टाकून जातो,
वरून दुसरं, न चिरलेलं,
पैसे घेत नाही.
नव्या अभ्यासाच्या कार्यपद्धतीत कलम चार तिचंच आहे,
फक्त भाषा मॅडमची.

गेल्या सोमवारी मी त्यांना सांगितलं.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
‘किती वाजता?’ एवढंच विचारलं.
तीन, मी म्हटलं. तीनच्या सुमारास.
‘सुमारास नको,’ त्या म्हणाल्या,
आणि वही माझ्याकडे सरकवली.